संचालक मंडळाचा फोटो, प्रयत्न दुसरा: आता फ्लॅश पडवीत

मागच्या महिन्यात कुडाळजवळच्या एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालासाठी बारा संचालकांचा ग्रुप काढलेला, तो फुल फेल. सीलिंग हाताला लागेल एवढं खाली, भिंती आणि सीलिंग दोन्हीला पिस्ता ऑइलपेंट, आणि पावसाळा म्हणून खिडकीवर बाहेरून निळी ताडपत्री. मी सवयीने फ्लॅश वर मारून बाउन्स केला (उजेड सीलिंगवर आपटून खाली घेतला), म्हणजे पिस्त्यावर मारला, उजवीकडची मंडळी हिरवी आणि खिडकीकडची निळी. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यातलं रंगाचं सेटिंग) एकाला लावला की दुसरा बिघडतो. वर काही फ्रेममध्ये ट्यूबमुळे पट्टे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकवाल्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि मी शटर १/२०० (सेकंदाचा दोनशेवा भाग) ठेवलेलं.

काल परत गेलो. या वेळी ठरवलं की खोलीतला एकही उजेड वापरायचा नाही. ट्यूब बंद करायला लावल्या, शटर १/२००, लेन्सचं तोंड एफ ५.६, कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ २००, फ्लॅश न लावता एक फ्रेम काढली, जवळजवळ काळी आली. म्हणजे ताडपत्रीचा विषय संपला.

खरी गंमत पुढे. फ्लॅशचा उजेड मऊ करणारी स्टँडवरची छत्री आत लावली तर कडेच्या संचालकांपासून दीड मीटर आणि पलीकडच्या टोकाला साडेचार, उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, अंतर तिप्पट म्हणजे उजेड नववा हिस्सा, एक जण भुतासारखा पांढरा नि दुसरा अंधारात. मागे सरकायला जागाच नाही. मग स्टँड उचलून दाराबाहेर पडवीत नेला, दोन फ्लॅश एका छत्रीत, फुल पॉवर, तोंड लांबच्या माणसाकडे. आता ४ मीटर आणि ७ मीटर, उजेडातला फरक तिपटीच्या आसपास, आणि छत्री वळवल्यामुळे तोही बराच झाकला गेला. शिपाईकाका बघून म्हणाले, ‘‘काय ओ, फोटो हय आणि बत्ती भायर?’’ सावलीच्या बाजूला भिंतीला टेकवून दोन थर्माकोल शीट उभी केली, नाहीतर पिस्ता परत गालावर.

फुल पॉवरचा तोटा असा की प्रत्येक फ्रेमनंतर चार्ज होईपर्यंत थांबा, तेवढ्यात कुणीतरी मोबाइल बघणार.

मागे संस्थापकांची हार घातलेली तसबीर, काच बरोबर कॅमेऱ्यात चमकत होती. हलवायची नाही म्हणाले. तिच्या मागे वरच्या बाजूला पुठ्ठ्याची जाड घडी खोचली, वरची कड पुढे आली नि चमक खाली जमिनीकडे गेली. चष्मेवाल्या तिघांनाही काड्या कानावर जरा वर उचलायला लावल्या, दोघांचं जमलं, एकाचं डावं भिंग अजून पांढरं आहे, तेवढं दुसऱ्या फ्रेममधून उचलणार.

कॅश काउंटरचा फोटो राहिलाय, समोरच्या काचेत व्याजदराचा एलईडी बोर्ड उलटा दिसतो. शनिवारी काळं कापड घेऊन जातोय.