मोठा खेळाडू, म्हणून मोठा कोच?

मुलांना बास्केटबॉल शिकवतो म्हटलं की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो : "सर, मोठा खेळाडू असल्याशिवाय चांगला कोच होता येतं का हो?" परवा तुम्हीही विचारलंत म्हणून स्टीव्ह कर या अमेरिकन कोचबद्दल सांगतो.

खेळाडू म्हणून त्याच्या नावावर एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, पाच विजेतेपदं. तीन शिकागो बुल्सकडून, दोन सॅन अँटोनियो स्पर्सकडून. पण हा काही स्टार नव्हे. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) ५० वा निवडला गेला आणि बहुतेक कारकीर्द बेंचवरून उठून दहा-वीस मिनिटं खेळण्यात गेली. मात्र थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचा तीन गुणांचा शॉट, मारावा त्यानेच, ४५.४ टक्के यश, एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक.

१९९७ च्या फायनलचा (ही सात सामन्यांपर्यंतची मालिका असते) सहावा सामना, बुल्ससमोर युटा जॅझ, ८६-८६. टाइम-आउटमध्ये बुल्सचा स्टार मायकल जॉर्डनने त्याला सांगून ठेवलं, युटाचा स्टॉकटन माझ्यावर आला तर बॉल तुझ्याकडे येईल. आला. करने शॉट मारला, तो आत गेला, तेव्हा पाच सेकंद उरली होती. (पुढे विजयोत्सवात हा पठ्ठ्या म्हणाला, मायकलला पुन्हा एकदा मलाच वाचवावं लागलं!)

२०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला कोच नेमलं, तेव्हा कोचिंगचा अनुभव शून्य. आल्या आल्या त्याने काय केलं, तर संघातल्या आंद्रे इग्वोडालाला बेंचवर बसवलं. तोवर कारकिर्दीतला प्रत्येक सामना सुरुवातीपासून खेळलेला माणूस! असं सांगायला तोंड हवं, आणि ते स्वतः वर्षानुवर्षं बेंचवर बसलेल्याकडे असतं. त्याच मोसमाच्या फायनलमध्ये क्लीव्हलंड २-१ ने पुढे गेल्यावर निक युरेन या तरुण मदतनिसाने जुने व्हिडिओ पाहून सुचवलं : सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बोगटऐवजी इग्वोडालाला सुरुवातीला उतरवू. करने ऐकलं. सामना जिंकला, मग मालिका. इग्वोडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि पत्रकारांना करने सरळ सांगून टाकलं, कल्पना निकची. इथे मला तो सगळ्यात आवडतो.

पुढे कोच म्हणून २०१७, २०१८, २०२२ अशी आणखी तीन विजेतेपदं.

त्याचं सगळंच लोकांना पटतं असं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाचा कोच करच होता. त्या संघातला जेसन टेटम आपल्या बॉस्टन संघाला नुकतंच एनबीएचं विजेतेपद मिळवून देऊन आला होता, तरी सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत करने त्याला एक मिनिटही उतरवलं नाही. बॉस्टनवाले जाम भडकले. पण बाराच्या बारा स्टार असलेल्या संघात कुणाला तरी बसावं लागणारच, आणि सुवर्ण तर अमेरिकेनेच नेलं.