भाडं बावीस हजार, हप्ता बावन्न हजार

पुण्यात वाकड, बालेवाडी, हिंजवडी भागात सेकंड फ्लॅट घेतलेल्या कुणालाही विचारा कशाला घेतला, उत्तर ठरलेलं, अरे भाड्यातून हप्ता सुटतो. सुटत नाही हो. कागद घ्या आणि बसा माझ्यासमोर.

८० लाखाचा रेडी टू-बीएचके धरा, २० लाख स्वतःचे, ६० लाख लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता येतो ५२ हजाराच्या आसपास. भाडं २२ हजार. त्यातून मेंटेनन्स गेला, प्रॉपर्टी टॅक्स गेला, भाडेकरू बदलला की एखादा महिना रिकामा, ब्रोकर, रंगकाम, वरून सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणून लावलेले, नियमाने सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, पण काही कमिट्या बिनधास्त लावतात आणि कुणी भांडत नाही). हातात १८ हजार राहिले तरी बरं म्हणायचं. म्हणजे दर महिन्याला ३४ हजार आपल्या पगारातून जातायत आणि आपण सगळ्यांना सांगतोय की आपल्याला रेंटल इन्कम आहे.

मग कुणीतरी म्हणतं टॅक्स वाचतो की. इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजीममध्ये घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, पगारातून वर्षाला जास्तीत जास्त २ लाख वजा होतो, नव्या रेजीममध्ये तेही नाही. आणि निम्मं ऑफिस आता नव्या रेजीममध्येच आहे.

आता दहा वर्षांचा हिशोब. भाडं दरवर्षी थोडं वाढणार हे धरून पदरचे सरासरी ३० हजार महिना पकडा, झाले ३६ लाख. सुरुवातीचे २० लाख, स्टॅम्प ड्युटी सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार. खिशातून गेले जवळपास ६२ लाख आणि बँकेचं दहा वर्षांनी अजून ४२ लाख देणं बाकीच असतं, कारण पहिली वर्षं हप्त्यात व्याजच जास्त. म्हणजे फ्लॅट १ कोटी ४ लाखाला गेला तर फक्त आपलेच पैसे आपल्याला परत, व्याज शून्य. फायदा हवा तर भाव त्याच्या वर जायला हवा, म्हणजे सगळा खेळ भाव वाढण्यावरच आहे आणि त्याची फी आपण दर महिन्याला भरतोय. पुण्यात २०१४ ते २०२० भाव जवळजवळ जागच्या जागी होते हे त्या काळात घेतलेल्यांना विचारा, २०२१ नंतर आलेल्यांना नका विचारू, त्यांना वाटतं भाव नेहमी असाच पळतो.

त्या मानाने पुण्याजवळ पुरंदरला, जिथे नवं विमानतळ होणार म्हणतात तिथे, गुंठा घेणारा मला जास्त प्रामाणिक वाटतो, तो निदान उघड सांगतो की विमानतळ आलं की विकणार. पण पुण्याच्या नव्या विमानतळाची गोष्ट बघा, आधी चाकण म्हणाले, मग खेड-राजगुरुनगर, २०१६ ला पुरंदर जाहीर, मध्ये जागा बदलायची चर्चा, परत जुनीच जागा, आणि २०२५ मध्येही पारगाव, वनपुरी, कुंभारवळण ही गावं जमीन द्यायला विरोध करत होती. इतकी वर्षं त्या प्लॉटने एक रुपया दिलेला नाही, उलट कंपाउंड करा, मोजणी आणा, सामाईक सातबारा असेल तर बाकीच्यांच्या सह्यांसाठी फिरा. आणि विमानतळाशेजारी म्हणून घेतलेला प्लॉट विमानतळाच्या आतच निघाला तर भाव सरकार ठरवणार, तुम्ही नाही. नवी मुंबईवालं तरी काय, केंद्राची मंजुरी २००७ ची, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ ला. ज्याच्या डोक्यावर हप्ता नाही तो थांबू शकतो, त्याने खुशाल थांबावं, त्यात वाईट काहीच नाही. हप्तावाला थांबूच शकत नाही हा प्रॉब्लेम.

ज्यांना विटेसिमेंटची कटकट नको त्यांच्यासाठी रीट आहेत, म्हणजे भाड्याने दिलेल्या ऑफिस इमारतींचे ट्रस्ट, ज्यांची युनिटं शेअरसारखी विकत घेता येतात, २०१९ ला पहिलं लिस्ट झालं, वाटण्यायोग्य कॅशच्या किमान ९० टक्के रक्कम वाटावीच लागते आणि हिंजवडीच्या काही आयटी पार्कांचं भाडं त्यातून आपल्यापर्यंत येतं. युनिटचा भाव खालीवर होतो, कोविडनंतर ऑफिसं रिकामी पडली होती तेव्हा लोक घाबरले होतेच. पण निदान महिन्याला खिशातून काही जात नाही.

खरा कॅश फ्लो मी पाहिला तो चाकणच्या बाजूला. बायकोच्या नात्यातले एक काका, घरची जमीन, एमआयडीसी जवळ, त्यांनी घरामागे खोल्या काढल्या, जमतील तशा, एका वर्षी दोन, पुढे परत दोन, आधीच्या खोल्यांच्या भाड्यातूनच पुढच्या. पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, लाईटला सबमीटर. एका खोलीला तीन लाख खर्च आणि भाडं चार हजार धरलं तरी वर्षाला १६ टक्के पडतात, अर्थात जमीन फुकटची म्हणून, विकत घेऊन कुणी करायला गेलं तर गणित कोलमडतं. परवानग्यांचा विषय मी त्यांच्याकडे काढत नाही. कंपनीतली ओडिशा-बिहारची पोरं राहतात, एक गेला की त्याच्या गावचाच दुसरा येतो, खोली आठ दिवस रिकामी राहत नाही.

आता त्यांचा मुलगा मागे लागलाय की अप्पा, खोल्या पाडून बिल्डरला देऊ, चार फ्लॅट मिळतील, रेट बघा कुठे गेलाय. काका म्हणाले, चार फ्लॅटचं भाडं किती येतं ते विचारून ये आधी. तो अजून काही विचारून आलेला नाही.