कवेलूचा चुरा, टप्पा दुसरा: निवड, चाळण, मिश्रण

वड, उंबर आणि बोगनवेलीच्या बोन्सायच्या उथळ कुंड्यांत मातीऐवजी भरायचा माल निवडून झाला: जुन्या कवेलूंचा, म्हणजे छपरावरच्या कौलांचा, आणि विटांचा चुरा. कन्हार, म्हणजे चिकण काळी माती, आधीच बाद. ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी मुळं न भिजवता त्या फटीतून खाली जातं. जपानचा अकादामा, म्हणजे बोन्सायसाठी वापरतात ती दाणेदार माती, चांगलाच, पण इथे पोचेपर्यंत परवडत नाही. शिवाय तो मऊ, दोन-तीन वर्षांत त्याचा चिखल होतो. पाडलेल्या घरांचे कवेलू मात्र गावोगावी ढिगाने पडलेले आहेत.

भिजवण्याची परीक्षा अशी: 500 ग्रॅम कोरडे तुकडे 24 तास पाण्यात, मग वरचं पाणी पुसून वजन. कवेलू 570 भरला, लाल वीट 585, भट्टीत जास्त भाजलेली खंगर वीट 535. खंगर काचेसारखी होते, पाणी धरत नाही, म्हणून नापास. कमी भाजलेली पिवळसर वीट भिजवून चिमटीत चोळली की बोटांना चिखल लागतो, तीही नापास. राखेच्या करड्या विटा भाजलेल्याच नसतात, सिमेंट किंवा चुन्याने घट्ट झालेल्या असतात. त्या घ्यायच्याच नाहीत.

खरी गोची चुनखडीची. इकडच्या मातीत बारीक खडे असतात, भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. तुकडा फोडला की आत ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि वरची कपची उडवतो. उरलेला चुना पाणी अल्कधर्मी करतो, मुळांना लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून सगळा माल दोन दिवस भिजवून फुटलेले तुकडे वेचायचे. जुन्या विटेला चिकटलेल्या बांधकामाच्या मसाल्याचंही हेच, व्हिनेगर टाकल्यावर फसफसला की तो तुकडा बाजूला.

फोडताना तुकडे ओले ठेवायचे आणि नाकाला फडकं नाही, चांगला मास्क. ही धूळ फुफ्फुसात बसते. चाळताना मात्र माल खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर चाळणीची भोकं बुजतात. 10 किलो कवेलूतून 3 ते 6 मिलिमीटरचा माल साडेपाच किलो निघाला, भुकटी तीन किलो, बाकीचं जाड परत फोडायला. भुकटीचा मोह नको. ती तळाशी बसते आणि पाणी अडवते.

मिश्रण घमेल्याने मोजून: वड-उंबरासाठी तीन कवेलू, एक वीट, एक चाळलेलं जुनं शेणखत. बोगनवेलीला शेणखत अर्धंच. भाजलेली माती खत फारसं धरत नाही, म्हणून पातळ खत दर पंधरा दिवसांनी, एकदम जास्त नाही. मे महिन्याच्या 45 अंशांत या मिश्रणाला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतंच.

कुंड्या बदलणं मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर. तोवर चुरा पोत्यात, सावलीत.