‘द लव्ह टेस्ट’ची मराठी सबटायटल्स: ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी?

‘द लव्ह टेस्ट’ या जुन्या ब्रिटिश सिनेमाला मराठी सबटायटल्स करतेय. ‘तुम्ही’चं ‘तू’ नेमकं कुठे करायचं, इथे मागच्या वेळी अडकले होते, तिथून काल रात्री सुटले. निदान अर्धी तरी.

आधी टायमिंग. सिनेमाची जास्त स्वच्छ फाइल मिळाली आणि सगळ्या ओळी घसरल्या. दहाव्या मिनिटाला २४ सेकंदांचा फरक. म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमचं (चित्रांचं) २५ झालेलं. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलला, सगळं जागेवर. फुकटात इतकं चोख काम करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

डोकं खाल्लं ते सर्वनामांनी. मेरी प्रयोगशाळेची प्रमुख होणार, पुरुषांना बाईच्या हाताखाली राहायचं नाही, म्हणून तिला प्रेमात पाडायचं काम जॉनच्या गळ्यात. इंग्रजीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ‘यू’. ‘तू’ लवकर आणलं तर जॉन आगाऊ वाटतो, उशिरा आणलं तर प्रेम कोरडं. तीनदा जागा बदलली, तिन्ही वेळा पुसली.

काल सुचलं, मधला टप्पा सर्वनामाशिवायच काढायचा. ‘येणार का?’, ‘आवडलं का?’ यात तू की तुम्ही, कळतच नाही. लग्न ठरलेली मुलंमुली सुरुवातीला अशीच बोलतात की! भिडस्त जॉनला हे शोभतं, वर अक्षरंही कमी लागतात. ती कमीच हवीत. ब्रिटनमध्ये थिएटरांना ठरावीक वाटा ब्रिटिश सिनेमांचा दाखवायला लावणाऱ्या १९२७च्या कोटा कायद्यानंतर, फिल्मच्या फुटाला साधारण एक पौंड खर्चून स्वस्तातले सिनेमे निघत. दिग्दर्शक मायकेल पॉवेलचा हा १९३५चा, त्यातलाच. मोजके सेट, गोष्ट सगळी बोलण्यातून सरकते, ओळीवर ओळ येते.

एक छोटा आनंद: ‘अज्वलनशील’ काढून ‘न पेटणारं सेल्युलॉइड’ केलं. तेव्हा थिएटरात चालणारी ३५ मिमी फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. त्या काळात मेरीच्या प्रयोगशाळेतला हा शोध किती मोलाचा, ते आता एका ओळीत कळतं.

थांबा, लिहितानाच लक्षात आलं. पुरुष आपसात मेरीबद्दल बोलतात तिथे मी सरसकट ‘त्या’ लिहिलंय. चुकलंच. तोंडावर ‘तुम्ही’, पाठीमागे ‘ती’ केलं की त्यांचा आकस तेवढ्यानंच दिसेल. जॉन मात्र पाठीमागेही ‘त्या’च म्हणेल, म्हणजे त्याचं मन कुठे आहे ते आधीच कळेल. फॉन्टचं काम पुढे ढकललं. आधी ही सगळी दृश्यं पुन्हा.

आणि पहिलं ‘तू’ मेरीच्या तोंडी. वरिष्ठ तीच आहे, तिनेच म्हणायचं.