यंदाचा सीझन टॉमीचा

यंदा कापालुआ नाही. १९९९पासून नव्या वर्षातलं पीजीए टूरचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेचं, पहिलं गोल्फ हवाईतल्या माउई बेटावर, कापालुआच्या प्लँटेशन कोर्सवर व्हायचं. एके काळच्या अननसाच्या मळ्यांच्या जमिनीवर डोंगरउतारावर पसरलेला कोर्स, खाली निळा समुद्र, आणि दोन फटक्यांच्या मध्ये कॅमेरा वळला की पाण्यात उसळणारे देवमासे. गेल्या वर्षी हिदेकी मात्सुयामाने इथेच ३५ अंडर पार, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) ३५ कमी, करून ७२ होल्सचा टूरचा विक्रम केला. मग पश्चिम माउईत पावसाने दगा दिला, पाण्यावर निर्बंध आले, जुन्या कालव्यांतून कोर्सला पाणी कोणी आणि किती सोडायचं यावरून प्रकरण कोर्टात गेलं, गवत वाळलं आणि टूरने २०२६ची स्पर्धाच रद्द केली. पाण्याचं भांडण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो कोर्स मला फार आवडतो आणि जानेवारी त्याच्याशिवाय सुनी वाटते, तरी घरातला नळ आधी आणि ग्रीन, म्हणजे होलभोवतीची कापीव हिरवळ, नंतर, हेच माझं म्हणणं.

तर सीझन सुरू होतोय या गुरुवारी, १५ जानेवारीला, होनोलुलूच्या वायलाए कोर्सवर, सोनी ओपनने. हवाई आपल्या साडेपंधरा तास मागे आहे. त्यामुळे तिथला रविवारचा शेवट आपल्याकडे सोमवारी सकाळी, चहा-पोह्यांच्या वेळेला येतो. माझी शाळा दुपारची. सातवी-आठवीच्या गणिताच्या वह्या तपासत शेवटचे होल्स बघायचे आणि मग निघायचं, हा माझा वर्षातला सगळ्यात आवडता सोमवार.

आणि नेमक्या याच आठवड्यात दुबई क्रीकच्या कोर्सवर दुबई इन्व्हिटेशनल आहे. ही स्पर्धा एक वर्षाआड होते. २०२४ला ती इंग्लंडच्या टॉमी फ्लीटवुडने जिंकली होती, रोरी मॅकलरॉयला एका फटक्याने मागे टाकून. म्हणजे नव्या वर्षातला पहिला चेंडू टॉमी गतविजेता म्हणून मारणार, तोही आपल्या दुपारच्या वेळेला.

मी दर सीझनला एकच खेळाडू धरते. लीडरबोर्डवर सगळे दिसतात, पण वही एकाचीच. त्याने कट पार केला का (पहिल्या दोन दिवसांनंतर स्पर्धेत टिकला का), कुठल्या होलवर काय झालं, पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे ढकललेले फटके, किती फुटांचे गेले, किती राहिले, सगळं तारखेसह लिहायचं. विजेत्यांच्या मागे गेलं तर दर आठवड्याला नवं नाव, आणि आठवड्याच्या शेवटी हाती काही राहत नाही. गोल्फमध्ये जगातला उत्तमातला उत्तम खेळाडूसुद्धा बहुतेक आठवडे हरतो. ते हरणं कसं असतं, त्यातून माणूस पुढच्या गुरुवारी पुन्हा पहिल्या टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, कसा उभा राहतो, हे कळायचं तर एकाच्या मागे वर्षभर चालावं लागतं. २०२२ला माझा खेळाडू अनिर्बान लाहिरी होता. जन्म पुण्याचा, म्हणून थोडा जास्तच आपला. त्या मार्चमध्ये पावसाने लांबलेली प्लेयर्स चॅम्पियनशिप सोमवारी संपली आणि तो कॅमेरॉन स्मिथपेक्षा फक्त एका फटक्याने मागे राहिला. ते पान मी अजूनही उघडून बघते.

यंदा टॉमी. त्याची कारणं नीट सांगते.

गेल्या ऑगस्टपर्यंत टॉमी फ्लीटवुड म्हणजे अमेरिकेत कधीच न जिंकलेला सगळ्यात चांगला खेळाडू. युरोपच्या टूरवर त्याने अनेक स्पर्धा जिंकल्या, पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटी शेफलरच्या मागोमाग रौप्य मिळवलं, पण पीजीए टूरवर एकही विजय नाही. गेल्या जूनमध्ये ट्रॅव्हलर्स स्पर्धेत शेवटच्या होलवर आघाडी घेऊन आला, तिथे तीन पट लागले, आणि कीगन ब्रॅडलीने बर्डी टाकून, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घेऊन, स्पर्धा नेली. ऑगस्टमध्ये मेम्फिसला शेवटच्या काही होल्सवर आघाडी गेली आणि जस्टिन रोझ जिंकला. दोन्ही वेळा मॅच संपल्यावर तो मुलाखतीला उभा राहिला, शांतपणे बोलला, समोरच्याचं कौतुक केलं. आणि मग २४ ऑगस्टला अटलांटात, ईस्ट लेकला, टूर चॅम्पियनशिप. पीजीए टूरवरची त्याची १६४वी स्पर्धा, आणि पहिला विजय. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजत आले होते. अठराव्या ग्रीनच्या भोवतीचं सगळं अमेरिकन पब्लिक एका इंग्रज माणसाचं नाव घेऊन ओरडत होतं. मी आवाज बंद करून बघत होते, घरात सगळे झोपलेले, आणि रडत होते.

त्यानंतर सप्टेंबरात बेथपेजला युरोप विरुद्ध अमेरिका असा रायडर कप झाला. न्यूयॉर्कच्या त्या गर्दीत टॉमीने जोडीच्या चारही लढती जिंकल्या आणि युरोपने १५-१३ असा कप राखला.

आणि ऑक्टोबरात तो दिल्लीला आला.

डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप, दिल्ली गोल्फ क्लब, १६ ते १९ ऑक्टोबर. गुरुवार ते रविवार. सतरा तारखेला वसुबारस, अठराला धनत्रयोदशी, वीसला नरक चतुर्दशी. म्हणजे ऐन फराळाच्या दिवसांत. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या चकली तळत होत्या. म्हणाल्या, "जा तू. चिवडा झालाय, अनारसे मी बघते. पण अभ्यंगस्नानाला घरात हवीस." शनिवारी सकाळी दिल्लीला पोचले, रविवारी रात्रीच्या विमानाने परत.

क्लबचा लोधी कोर्स टीव्हीवर बघून कळत नाही. फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेला पट्टा, इतका अरुंद की दोन्ही बाजूंची झाडं अंगावर येतात, आणि झाडांखाली जी झुडपं आहेत त्यात गेलेला चेंडू बहुतेक वेळा तिथेच राहतो. मधेच जुन्या कबरींचे घुमट, मोर, आणि त्यांच्या पलीकडून गाड्यांचा आवाज. मॅकलरॉयसारखा ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) राजा, त्यानेही इथे ड्रायव्हर बाजूला ठेवला. लांब मारण्यापेक्षा सरळ मारण्याला किंमत असलेला कोर्स मला मनापासून आवडतो. हल्ली टूरवर दर आठवड्याला ३२०-३३० यार्ड मारणाऱ्यांचीच चलती आहे, आणि त्या खेळाचा मला कंटाळा आलाय.

रविवारी मी टॉमीच्या ग्रुपबरोबर चालले. एका होलवर दोरीला टेकून उभी होते आणि तो माझ्यापासून फार तर पंधरा पावलांवर. हातात आयर्न, लोखंडी पात्याचा क्लब. टॉमीचा स्विंग टीव्हीवर ओळखू येतो तो त्याच्या शेवटामुळे: बाकीचे खेळाडू फटक्यानंतर क्लब पाठीमागे पार गुंडाळून घेतात, हा मध्येच थांबतो, दोन्ही हात छातीच्या उंचीवर, क्लब आभाळाकडे. जवळून दिसली ती त्याआधीची गोष्ट. चेंडूपाशी गेला, दोनदा मनगटं हलवली, एकदा लक्ष्याकडे बघितलं आणि लगेच फटका. रेंगाळणं नाही. आधी चेंडूचा आवाज, कोरडा, आखूड, आणि मग हिरवळीचा तुकडा हाताच्या पंजाएवढा, पातळ, पुढे जाऊन पडलेला. चेंडू कुठे गेला ते मला झाडांमुळे दिसलं नाही. ग्रीनवरून टाळ्या आल्या तेव्हा कळलं. तो तोवर चालायला लागला होता.

दिवस सुरू झाला तेव्हा तो जपानच्या केइता नाकाजिमाच्या दोन फटके मागे होता. संपला तेव्हा दोन फटके पुढे, २२ अंडर. आणि मग ती गोष्ट, जी त्या आठवड्यात गोल्फ बघणाऱ्या सगळ्यांनी बघितली. त्याच्या मुलाने त्याला काही दिवसांपूर्वी म्हटलं होतं की तुम्ही जिंकलात आणि मी अठराव्या ग्रीनवर धावत आलो, असं अजून एकदाही झालेलं नाही. अटलांटाला मुलगा नव्हता. दिल्लीला होता. शेवटचा पट गेला आणि ते पोरगं सुसाट धावत ग्रीनवर आलं. माझ्या शेजारी एक सरदारजी उभे होते, सत्तरीचे असतील, त्यांनी चष्मा काढून पुसला. मीही पुसला.

सोमवारी पहाटे उटणं लावून झाल्यावर पहिला फोन बाबांना नाशिकला. बाबा फौजेत क्लार्क होते. देवळाली कॅम्पात साहेबांच्या गोल्फ स्पर्धा असायच्या, त्यांचे स्कोअर टाइप करायचं काम बाबांकडे. पार, बर्डी, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) हे शब्द मी घरी त्या कागदांवरून शिकले. बाबांनी आयुष्यात एकदाही क्लब हातात धरला नाही, पण कार्ड बघून माणूस कसा खेळला ते अचूक सांगतात. मी म्हटलं, "बाबा, ६५ मारला शेवटच्या दिवशी." ते म्हणाले, "बोगी किती?" त्यांचा पहिला प्रश्न कायम हाच. "बर्डी काय गं, कुणालाही पडतात. बोगी सांग."

आता यंदाचं. कॅलेंडर हातात आलं तेव्हा मी दोन नावांवर अडकले.

पहिलं शिनेकॉक हिल्स. यूएस ओपन १८ ते २१ जून, लाँग आयलंडला. २०१८ला यूएस ओपन इथेच झाली होती. शेवटच्या दिवशी टॉमीने ६३ मारले. यूएस ओपनमध्ये त्यापेक्षा कमी तोवर कुणीच मारलेले नव्हते. अठराव्या ग्रीनवर त्याच्यासमोर साधारण आठ-नऊ फुटांचा पट होता. गेला असता तर ६२. गेला नाही. मग तो क्लबहाऊसमध्ये बसून राहिला आणि मागून आलेल्या ब्रुक्स केप्काने एका फटक्याने स्पर्धा जिंकली. गणिताची बाई म्हणून त्या पटाबद्दल सांगायचं तर टूरवर आठ फुटांचा पट जवळपास निम्म्या वेळा जातो, निम्म्या वेळा नाही. तिथून सरासरी दीड फटका. गेला तर अर्धा फटका कमावला, राहिला तर अर्धा गमावला. 'स्ट्रोक्स गेन्ड' म्हणतात तो सगळा हिशोब याच पायावर उभा आहे: त्या जागेवरून इतरांना सरासरी किती लागतात आणि तुला किती लागले. म्हणजे हिशोबाने त्या दिवशी टॉमीने अर्धाच फटका घालवला. माणसाला तो किती वर्षं पुरतो ते हिशोबात येत नाही. आठ वर्षांनी तो त्याच ग्रीनवर परत जाणार आहे.

शिनेकॉकला सगळ्या जगाचं लक्ष शेफलरवर असणार, आणि ते रास्तच. मास्टर्स दोनदा, गेल्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटनची ओपन. करिअर ग्रँड स्लॅमला, म्हणजे चारही मोठ्या स्पर्धा जिंकायला, त्याला फक्त यूएस ओपन हवी. रविवारी २१ जून, त्याच दिवशी त्याची तिशी पूर्ण होते. मॅकलरॉयने गेल्या एप्रिलमध्ये ऑगस्टाला हेच वर्तुळ पूर्ण केलं तेव्हा तो इतिहासातला फक्त सहावा होता. शेफलरने केलं तर टाळ्या वाजवीन. वही मात्र टॉमीचीच राहील.

दुसरं नाव रॉयल बर्कडेल. ओपन, १६ ते १९ जुलै. बर्कडेल साउथपोर्टला आहे, आणि टॉमी साउथपोर्टचा. लहानपणी तो वडिलांबरोबर या कोर्सवर चोरून शिरायचा आणि दोन-चार फटके मारून पळायचा. क्लबचं सभासदत्व त्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं. २०१७ला ओपन बर्कडेलला आली तेव्हा सगळं गाव त्याच्या मागे होतं, आणि पहिल्याच दिवशी त्याला ७६ लागले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आता पस्तिशीला टेकलाय, त्या २०१८च्या ग्रीनवरून, २०१९च्या पोर्टरशच्या ओपनमधल्या दुसऱ्या क्रमांकावरून, ट्रॅव्हलर्सच्या तीन पटांवरून चालत आलाय. इंग्लंडच्या माणसाने ओपन जिंकली त्याला १९९२पासून इतकी वर्षं झाली. तो निक फाल्डो, आणि तेही स्कॉटलंडला. इंग्लंडच्या भूमीवर इंग्रजाने जिंकलेली शेवटची ओपन १९६९ची, रॉयल लायदमला, टोनी जॅकलिन. बर्कडेलपासून लायदम फार लांब नाही, मध्ये फक्त रिबल नदीची खाडी.

ओपनचं आणखी एक सुख म्हणजे वेळ. संध्याकाळी शाळेतून येईपर्यंत खेळ रंगात आलेला असतो आणि रात्री अकराच्या सुमाराला संपतो. पहाटेचे गजर नाहीत. बाबाही जागे असतात.

बाकी टूरवर बरंच काही बदललंय. पूर्ण कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, आता १२५ ऐवजी पहिल्या १०० जणांनाच टिकवता येतं, स्पर्धांमधली खेळाडूंची संख्या कमी केलीय, केप्का डिसेंबरात सौदी पैशावरची एलआयव्ही लीग सोडून बाहेर पडला. पैशांच्या बातम्यांनी गेली चार वर्षं डोकं उठवलंय, म्हणून त्यावर इथे जास्त लिहीत नाही. पण १०० जणांचा नियम मला टोचतो. एकशे पंधराव्या नंबरावरचा माणूसही मुलाबाळांचाच असतो, आणि सिग्नेचर, म्हणजे मोठ्या बक्षिसांच्या, स्पर्धांमध्ये आधीच सत्तर-ऐंशी जणांनाच जागा आहे. वरच्यांसाठी दार रुंद आणि खालच्यांसाठी अरुंद करत गेलात तर १६४ स्पर्धा थांबून जिंकणारा पुढचा टॉमी येणार कुठून?

काल वही आणली. दोनशे पानी, एकरेघी. पहिल्या पानावर दुबई क्रीक, १५ जानेवारी. बाबांना फोन करून सांगितलं की यंदा टॉमी. ते म्हणाले, "चांगला आहे. पट जरा सुधारायला हवेत त्याने." मी म्हटलं, "बाबा, दिल्लीला तुम्ही बघायला हवे होतात." तर म्हणाले, "जुलैत ये इकडे. बर्कडेल बरोबर बघू. तुझ्या आईला सांगून ठेवतो, चार दिवस रात्रीचं जेवण टीव्हीपुढे."