पास आजच काढलाय

२०२४ च्या फेब्रुवारीतली सकाळ. बीएएमएस झाल्यापासून मी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर होते आणि तेव्हा आमची गाडी मुंब्र्याजवळ उभी असायची. सव्वानऊच्या सुमारास पुण्याच्या नियंत्रण कक्षातून कॉल पडला. रेल्वे अपघात, पुरुष, शुद्धीवर आहे. 'शुद्धीवर आहे' एवढं कानावर पडलं की आमचे पायलट दादा (१०८ च्या चालकाला पायलटच म्हणतात) गाडी वेगळीच हाणायचे.

स्टेशनात पोचलो तेव्हा हमालांनी त्याला रुळांवरून उचलून फलाटावर आणून ठेवलं होतं. चाळिशीचा माणूस, निळा चौकड्यांचा शर्ट. उजवा पाय गुडघ्याच्या वर गेलेला, डाव्या पावलाचा चेंदा झालेला. भोवती माणसांचं कडं आणि त्यातले निम्मे हात मोबाईल धरून वर. मी मांडीला टूर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) आवळत होते आणि डोक्यावरून आवाज आला, "याला आता हाफ तिकीट." दोघंतिघं फसकन हसले.

मी वर बघितलं. विशी-बाविशीचा पोरगा, सॅक पोटाशी घेतलेली. माझ्या अंगाची आग झाली, पण भांडायला वेळ नव्हता. सुई लागली होती. मी सलाईनची बाटली त्याच्या हातात कोंबली आणि ओरडले, "धर. छातीच्या वर धर. हात खाली आणायचा नाही." त्याने मोबाईल खिशात टाकला आणि बाटली धरली. पूल चढून, उतरून गाडीपर्यंत तो स्ट्रेचरच्या बाजूने चालत आला, हात ताठ वर. जिन्यात स्ट्रेचर कलला तेव्हा दुसरा हात त्याने आपणहून त्या माणसाच्या डोक्याखाली घातला. गाडीचं दार लावताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक शब्द बोलला नाही. तो कोण, कुठला, मला माहीत नाही.

गाडीत मी कात्री घेऊन शर्ट गळ्यापासून खालपर्यंत उभा कापला. कात्री वरच्या खिशाच्या कडेनं गेली. शर्ट रक्ताने भिजलेला होता, तो गोळा करून जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. तसाच नियम आहे. दुसरी लाईन लावली, ऑक्सिजन दिला. ब्लडप्रेशर ऐंशीच्या खाली होतं. तो सारखा पाणी मागत होता आणि मी देऊ शकत नव्हते.

"बोलत राहा," मी म्हटलं. "कुठे निघाला होतात?"

"विक्रोळीला. दिव्याला चढलो, पण आत शिरताच आलं नाही. दारातच होतो." मग डोळे मिटून थोडं थांबला आणि म्हणाला, "मॅडम, पास आजच काढलाय. महिन्याचा. आता पायच अर्धे राहिले, तर अर्धे पैसे परत देतील का हो?"

मी हसले. मास्कच्या आत नाही, मोठ्याने, आवाज येईल असं हसले. आरशात पायलट दादांचे खांदे हलताना दिसले. आणि तो माणूस, ज्याच्या मांडीवर मी दोन्ही हातांनी दाब देऊन बसले होते, तो खूश झाला. घरात आपल्या बोलण्यावर सगळे हसले की माणसाचा चेहरा जसा पसरतो, तसा पसरला. रेतीबंदरला टँकरमागे अडकलो तोवर तो अर्धवट बोलत होता. पुढे बोलणं तुटत गेलं. पालिकेच्या रुग्णालयात हँडओव्हर दिला आणि आम्ही आवारात गाडी धुवायला घेतली. फरशीवरचं पाणी स्वच्छ वाहायला लागेपर्यंत आतून निरोप आला होता.

त्याच संध्याकाळी टपरीवर दुसऱ्या गाडीच्या लोकांना मी हे सांगितलं. पुढच्या आठवड्यांत अजून चारपाच ठिकाणी सांगितलं. डोंबिवलीला मावसबहिणीच्या लग्नात, जेवणं झाल्यावर, भावंडांच्या घोळक्यात सांगितलं. सांगता सांगता ते घोटीव होत गेलं. दिवा नाही, विक्रोळी नाही, पाणी मागणं नाही. शेवटी एवढंच उरलं: "पाय गेलेला पेशंट मला म्हणतो, मॅडम, आता हाफ पास मिळेल का?" हमखास हशा यायचा.

आम्ही लोक हसतो, आणि त्याची मला तेव्हाही लाज वाटत नव्हती, आजही वाटत नाही. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसं मेली, हा आकडा पुढे उच्च न्यायालयासमोरही आला. म्हणजे दिवसाला सात. त्यांना उचलणारे हमाल, पंचनामा करणारे हवालदार, आम्ही, यांनी ड्युटी संपल्यावर चहाच्या घोटाबरोबर हसायचं नाही, तर पुढच्या कॉलला उठायचं कशाच्या बळावर? पण ९ जून २०२५ ला याच दिवा-मुंब्रा पट्ट्यात समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडली, चार जण त्याच दिवशी गेले, आणि संध्याकाळी माझ्या मोबाईलवर त्यावरचे विनोद येऊन पडले. तेव्हा मात्र मला मळमळलं. त्या विनोदांत कुणी पडलेलंच नव्हतं. आणि मी लग्नात सांगितलेल्या किश्श्यातही तोवर कुणी उरलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळत होतं, कारण मधल्या काळात त्याची बायको मला भेटून गेली होती.

२०२४ चाच एप्रिल संपत आला होता. ती दिरासोबत गाडीपाशी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. रुग्णालयाच्या कागदावरून गाडी शोधली होती. "तुम्हीच होतात ना मॅडम, त्या दिवशी?" मग, "काही बोलले का हे?"

मी जे नेहमी सांगते तेच सांगितलं. शांत होते, फार त्रास झाला नाही. तिने मान हलवली.

दिराचं काम वेगळं होतं. माणूस चालत्या गाडीतून पडून गेला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ खाली आठ लाखांची भरपाई मिळते, पण तो रीतसर प्रवासी असावा लागतो. अर्ज वर्षाच्या आत करायचा. पंचनाम्यात पाकीट होतं, मोबाईल होता, डबा होता. पास नव्हता. वकिलांनी सांगितलं होतं की अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसं म्हटलंय, पण कुणी सांगणारं असेल तर बरं. "ते बिनपासाचे जायचे नाहीत हो मॅडम," दीर म्हणाला. "पण जुना पास आदल्या दिवशीच संपलेला."

मला शर्टाचा वरचा खिसा दिसला. पिवळी पिशवी दिसली. ती तर कधीच जळून गेली असणार.

आणि मग ते वाक्य आठवायला लागले, तर मला माझंच वाक्य आठवत राहिलं. सारखं 'हाफ पास' येत होतं. पण तो 'हाफ' म्हणालाच नव्हता. 'हाफ' फलाटावरच्या पोराचं होतं. हा काय म्हणाला होता? त्याच्या आधी काय म्हणाला होता? 'पास आजच काढलाय.' हशा लवकर यावा म्हणून जे मी गाळलं होतं, नेमकं तेच.

"पास आजच काढलाय, असं म्हणाले होते ते," मी म्हटलं.

दिराने माझ्याकडे रोखून बघितलं. त्याला वाटलं असावं, मी दयेपोटी बोलतेय. "अशा वेळी पासाचं कोण कशाला सांगेल, मॅडम?"

त्याचं बरोबर होतं. तेवढं वाक्य सुटं उभं राहत नव्हतं. मग मी सगळं सांगितलं, दिवा, दार, आणि अर्धे पैसे. सांगताना माझा आवाज फाटत होता. नवरा गेलेल्या बाईला तोंडावर तिच्या नवऱ्याचे पाय तुटल्याचा विनोद सांगत होते मी. पायलट दादा पुढे आले आणि म्हणाले, "मी ऐकलंय वहिनी. असंच बोलले."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अर्धे पैसे." आणि हसली. "बाजारात पण असंच करायचे हे. भाजीवाल्याला म्हणायचे, मेथी निवडल्यावर अर्धीच उरते, अर्धेच घे." दीर ओशाळून इकडेतिकडे बघायला लागला. तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "परत सांगा. ते बोलले तसंच सांगा."

मी परत सांगितलं.

दोन दिवसांनी जबाब द्यायला गेले. ती बाकावर बसली होती. हवालदार दोन बोटांनी टाईप करत होते. अर्ध्या पैशापाशी येऊन थांबले. "मॅडम, पासाचं लिहितो. हे पुढचं लिहायचं का? बरं दिसेल का ते?"

"लिहा," मी म्हटलं. "त्याशिवाय आधीचं कुणाला खरं वाटणार नाही."

त्यांनी लिहिलं. मग वाचून दाखवलं, "'...अर्धे पैसे परत देतील का हो.' शेवटचा 'हो' काढू ना?"

बाकावरून ती म्हणाली, "'हो' राहू द्या साहेब. हे सगळ्यांशी 'हो' लावूनच बोलायचे."