लायनफिश लॉग: जिवंत कोळंबीवरून फ्रोझनवर

मासा लायनफिश (टेरॉइस व्होलिटान्स), लांबी साधारण 12 सेंमी, अजून क्वारंटाइन टँकमध्येच, म्हणजे नवा मासा वेगळा ठेवायच्या टाकीत. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025, तापमान 25 अंश, अमोनिया-नायट्राइट शून्य. भरवायच्या काडीवरची मेलेली कोळंबी आता तो घेतो. माकूळ (स्क्विड) मात्र दोनदा चघळून थुंकतो.

सुरुवात जिवंत काचकोळंबीनेच केली. ती गोड्या पाण्यातली, खाऱ्या पाण्यात फार वेळ तगत नाही, म्हणून एका वेळी एक-दोनच सोडायच्या. खाद्य म्हणून गोल्डफिश अजिबात नको. त्यात थायामिनेज हे विकर (एन्झाइम) असतं, ते बी1 जीवनसत्त्व नष्ट करतं. शिवाय गोल्डफिशच्या चरबीची घडण समुद्री माशाला मानवत नाही. काही महिने मासा तगडा दिसतो, आणि तिथेच लोक फसतात.

मग काडी. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची, 45 सेंमी, टोक घासून बोथट केलेलं. कोळंबी शेपटीकडून जेमतेम अडकवायची, म्हणजे ओढताच सुटते. घट्ट खोचली तर मासा काडीसकट शोषतो आणि जबडा दुखावतो. दुखावलेला जबडा म्हणजे उपास. वासापेक्षा हालचालीवर हा जास्त झेपावतो. त्यामुळे तोंडासमोर नाचवायची नाही. एका बाजूला, 10-15 सेंमी अंतरावर, दोन छोटे झटके आणि मग थांबा. छातीचे पर पसरून तो अंग सरळ रेषेत आणू लागला की काडी स्थिर ठेवा. घाईत मागे घेतलेली काडी हे फसण्याचं नेहमीचं कारण. वेळ दिवे मंद केल्यानंतरची. तोंड फिरवलं तर तुकडा लगेच बाहेर काढून पुन्हा उद्या. धडधाकट माशाला दोन-चार दिवसांचा खाडा बाधत नाही.

तुकडा दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नको. मोठा घास रात्री उलटून पडतो आणि छोट्या टँकमध्ये सकाळी अमोनिया दिसतो. सध्या एक दिवसाआड; मोठा झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. हा मागेल तितकं खातो, त्यामुळे मोजमाप आपल्याकडेच हवं.

मधेच अंगावरून पातळ पापुद्रा सुटला, डोकं झटकणं आणि दिवसभर अन्न नाकारणं झालं. हे कात टाकणं आहे, औषध ओतू नये. श्वास वेगात असेल तरच संशय घ्यावा.

हलवताना जाळी वापरायची नाही, काटे अडकतात. कडक प्लास्टिकचं भांडं घ्या. पाठीवर 13, पोटाच्या परांत 2 आणि गुदपरात 3 असे विषारी काटे असतात. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम, 45 अंशांपर्यंतच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा.

आता 450 लिटरचा टँक सायकल होतोय, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढताहेत. ही जात 38 सेंमीपर्यंत जाते, तेव्हा त्याहून लहान घेण्यात अर्थ नाही. सोबतीला तोंडात मावेल असं काही नको, आणि पर कुरतडणारा ट्रिगरफिशही नको. माकूळ आता व्हिटॅमिनमध्ये भिजवून, कोळंबीएवढ्या बारीक पट्ट्या करून देऊन पाहायचं आहे.